पेटणे आणि शमणे

संकटात पेटून उठणे पेशीला सोपे असते, वेळेवर शमणे अवघड असते, आणि या दोहोंचा मेळ जमला तरच जीव तगतो. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47 अंशांपुढे गेला होता. नवतपातल्या अशा दुपारी धरमपेठेतील रस्ते ओस पडतात, परंतु शेजारच्या गोकुळपेठ बाजारात भाजीवर ओले बारदान टाकून बसलेल्या विक्रेत्याच्या शरीरात पेशींची धांदल चालूच असते.

उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या सावरणारी 'हीट शॉक' प्रथिने एरवी एचएसएफ-1 या प्रथिनाला रोखून धरतात. ती घड्या सावरायला गेली की एचएसएफ-1 मोकळे होते, तिघातिघांच्या जुडीने केंद्रकात शिरते आणि आणखी सावरणारी प्रथिने घडवणारी जनुके चालू करते. या प्रतिसादाची पहिली खूण, फळमाशीच्या गुणसूत्रांवरील फुगवटे, फेरुच्चो रितोसा यांनी 1962 मध्ये नोंदवली.

उष्णतेच्या या प्रतिसादाप्रमाणे पेशीचे दुसरे पेटणे म्हणजे दाह, आणि त्याचा कारभार मुख्यतः 'कायनेज' या विकरांकडे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांकडे असतो. कायनेज दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवते आणि कागदावर शिक्का पडताच हुकूम सुटावा तसे त्या प्रथिनाचे वर्तन बदलते. जंतूची वर्दी मिळताच आयकेके हे कायनेज आयकॅपाबी या अवरोधकावर नेमक्या दोन जागी फॉस्फेट बसवते, तो अवरोधक नष्ट होतो, आणि त्याने अडवलेले एनएफ-कॅपाबी, ज्याचे वर्णन रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1986 मध्ये केले, केंद्रकात जाऊन दाहाची जनुके चालू करते. या जनुकांत आयकॅपाबीचेही जनुक असते. म्हणजे चूल पेटवणाराच पाण्याची घागर जवळ भरून ठेवतो.

पी-38 नावाचे दुसरे कायनेज दाहाचा निरोप वाहणाऱ्या आरएनएचे आयुष्य वाढवते, तर डीयूएसपी-1 हे विकर पी-38 वरील फॉस्फेट काढून त्याला थंड करते. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे डीयूएसपी-1 चे उत्पादन वाढवतात. गंभीर कोविडमध्ये 2020 साली या औषधाने जीव वाचवले, त्यामागील अनेक कारणांत दाहाला असा लगाम घालण्याचा गुणही येतो.

हा लगाम सुटतो तो उष्माघातात. शरीराच्या आतले तापमान 40 अंशांपलीकडे गेले की आतड्याचे अस्तर सैल पडते, जंतूंची विषे रक्तात उतरतात आणि दाह सर्वांगात पसरतो. उन्हाला शरीर सरावण्यास एक-दोन आठवडे लागतात, आणि सरावलेल्या शरीरालाही मर्यादा असतेच. कूलर, पन्हे आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा पेशींवरचा भार हलका करतात. पण बाजारातल्या विक्रेत्याला सावली, पाणी आणि भर दुपारची सुटी देणे पेशीच्या हाती नाही, ते शहरानेच करायचे आहे.