उमेदवारीची किंमत

'उमेदवार' हा शब्द आज उच्चारला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें निवडणूक उभी राहते. परंतु हा शब्द आपल्या भाषेंत रुळला तेव्हां त्याचा मतपेटीशीं कांहीं संबंध नव्हता. फारसींतील 'उमेद' म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. कचेरींत एखादी जागा मोकळी होईल, साहेबांची मर्जी बसेल, या भरंवशावर बिनपगारी नकला करीत बसणाऱ्या तरुणास आपले आजे-पणजे उमेदवार म्हणत, व त्याच्या त्या बसण्यास उमेदवारी. निवडणुकीच्या गलबल्यांत तो जुना अर्थ मागें पडला. तरी एका ठिकाणीं तो अजून टिकून आहे. कारखान्यांत धंदा शिकण्यासाठीं ठेवलेल्या मुलास सरकारी कागदांत आजहि 'शिकाऊ उमेदवार' असेंच म्हणतात. आम्हांस हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. त्या मुलास काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें दोन्ही त्यांत सांगून टाकलेलें आहे. प्रश्न इतकाच कीं, माणसाच्या श्रमाचा मोबदला आशेच्या रूपानें देणें कितपत न्याय्य आहे, आणि देणाऱ्यानें तो खरोखर दिला कीं नाहीं हें ओळखावें कसें?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षां सुरगाण्याच्या मुलाच्या बाबतींत अधिक टोंचतो, म्हणून आम्ही तो तेथूनच पाहूं इच्छितों. सुरगाणा हें नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, गुजरातच्या सीमेजवळचें तालुक्याचें ठिकाण. १९४८ पर्यंत तें एक लहानसें संस्थान होतें. त्या वर्षीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. डोंगराळ मुलूख, पावसाळ्यांत धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं पायपीट. पिकें भात, नागली, वरई यांचीं. वस्ती बहुतांश कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. घरचें शेतकाम आटोपलें कीं कुटुंबेंच्या कुटुंबें दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरतात. सुरगाण्यास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, व तिच्या दारांतून तेथील मुलगा यंत्राच्या जगांत पहिलें पाऊल टाकतो. मात्र संस्थेंत कानस धरावयास शिकला तरी कारखाना कसा चालतो हें त्यास तेथें दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या वसाहती गांठाव्या लागतात, आणि त्या ८०-९० किलोमीटरांवर.

कामांतून शिकणें ही गोष्ट या मुलास नवी असते अशी शहरांतील मंडळींची समजूत आहे. वस्तुस्थिति उलट आहे. त्याच्या घरीं तर कामाखेरीज दुसरी शाळाच नव्हती. उन्हाळ्यांत पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडला कीं त्यांत रोप टाकावयाचें, आणि रोप हाताशीं आलें म्हणजे चिखलांत उभें राहून आवणी करावयाची. हें सारें तो कोणी धडा दिल्यावांचून शिकलेला असतो. प्रथम त्याच्याकडे रोपांच्या मुठी पोंचविण्याचें काम येतें. मुठी पोंचवितां पोंचवितां लावणाऱ्यांचीं बोटें कशीं चालतात हें त्याच्या डोळ्यांत भरतें. मग एके वर्षीं आई त्यास बांधाकडचा कोंपरा देते. त्याची ओळ वांकडी जाते, रोपें खोल बसतात, कांहीं पाण्यावर तरंगूं लागतात. कोणी हंसतें, कोणी रागावतें. परंतु तो कोंपरा त्याचाच राहतो, आणि पीक उभें असेपर्यंत ती वांकडी ओळ त्यास व साऱ्या गांवास दिसत राहते. पुढच्या वर्षीं ओळ सरळ येते. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आईनें त्यास नुसतें काम दिलें नाहीं; स्वतःच्या पिकांतील थोडासा भाग नासूं देण्याची तयारी ठेविली. पोट हातावर असलेल्या घरास ही तयारी स्वस्त नसते.

आतां याच मुलाची दुसरी ओळख द्राक्षबागेशीं. बागेंत तो आईबापांबरोबर जातो, तेथें छाटणीच्या काड्या गोळा करतो, मण्यांची विरळणी करतो, आणि आठवड्याला रोख पैसे मोजून घेतो. मजुरी थोडी कीं पुरेशी हा वाद वेगळा. पण बागायतदार त्यास 'मी तुला शिकवीत आहें' असें कधीं म्हणत नाहीं. श्रम इकडे, पैसा तिकडे. व्यवहार उघडा आहे, आणि दाम बुडाला तर बुडाला असें चारचौघांत म्हणतां येतें. कारखान्यांतील उमेदवारी या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी उभी आहे. तेथें पैसा आहे, पण तो मजुरी नव्हे, विद्यावेतन. आणि विद्या आहे असें म्हणतात, पण ती कोणत्या मापानें मोजून घ्यावयाची हें कोणी सांगत नाहीं.

कारखान्यांतील हे दिवस दोन प्रकारांनीं येतात. २०२२ सालीं सुधारलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणें प्रशिक्षण संस्थेंतील विद्यार्थ्यानें वर्षाकाठीं १५० तास जवळच्या उद्योगांत प्रत्यक्ष काम करीत शिकावें असें ठरलें. जवळ उद्योग नसेल तेथें त्याऐवजीं विद्यार्थ्यांनीं गटानें एखादा प्रकल्प करावा अशी सोयहि ठेविली. प्रमाणपत्र हातीं आल्यानंतरची रीतसर उमेदवारी वेगळी. ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं होते. या कायद्याच्या अठराव्या कलमांत एक लहानसें वाक्य आहे, त्याचा अर्थ असा कीं, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. आणि म्हणून कामगारांविषयींचे कायदे त्यास लागू नाहींत. आरोग्य, सुरक्षितता व अपघाताची भरपाई यांबाबत कायद्यानें त्यास निराळ्या कलमांनीं संरक्षण दिलें आहे, हें सांगितलें पाहिजे. १८५० सालींहि या देशांत उमेदवारीचा एक कायदा झाला होता. त्याचा रोंख विशेषतः अनाथ व गरीब मुलांना एखाद्या धंद्याला लावून देण्याकडे होता. दोन्ही कायद्यांमागील बुद्धि दुष्ट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण 'कामगार नव्हे' या दोन शब्दांवर किती मोठें ओझें ठेविलें आहे पाहा! शेजारच्या यंत्रावर तोच तुकडा कातणारा मनुष्य कामगार म्हणून सर्व हक्कांचा धनी, आणि हा त्याच्याइतकेच तास उभा राहूनहि नाहीं. कां, तर हा शिकत आहे. शिकणें हेंच या भेदाचें एकमेव समर्थन. तें समर्थन काढून घेतलें कीं खालीं उरतो तो केवळ स्वस्त मजूर, आणि तोहि असा कीं ज्यास मजूर म्हणून भांडतां येत नाहीं. यासाठींच, तो खरोखर शिकला काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा नसून न्यायाचा आहे असें आम्ही समजतों.

मग ओळखावयाचें कसें? पुष्कळांचें उत्तर असें असतें कीं, मुलास झाडू मारावयास लावला, चहा आणावयास पाठविला, तर तें शोषण; यंत्रावर उभा केला, तर तें शिक्षण. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं आफ्रिकेंतील लायबेरिया देशाच्या शिंप्यांचा अभ्यास केला. तेथील शिकाऊ मुलगा आरंभीं गुंड्या लावतो, कडा दुमडून शिवतो, मग शिवण, आणि कापडाला कात्री लावणें सर्वांत शेंवटीं. म्हणजे कपडा ज्या क्रमानें तयार होतो त्याच्या अगदीं उलट क्रमानें तो शिकतो. गुंडी लावणें हें हलकें काम खरें. परंतु पुरा झालेला अंगरखा हातांत धरल्यानें त्याचें सारें अंग त्यास कळत जातें, आणि गुंडी चुकली तर कापड वांया जात नाहीं. त्यांच्याच १९९१ च्या, एतियेन वेंगर यांजसह लिहिलेल्या पुस्तकांत दुसरें उदाहरण आहे तें अमेरिकेंतील मांसविक्याच्या दुकानांचें. तेथें शिकाऊ मुलांना मांस गुंडाळण्याच्या यंत्रावर उभें केलें जाई, आणि कसबी कारागीर ज्या ठिकाणीं मांस कापीत तें त्यांच्या दृष्टीपलीकडे असे. दोन्हींकडे काम हलकेंच. एकीकडून पुढें वाट जाते, दुसरीकडे मध्यें भिंत आहे. झाडूचीहि गोष्ट हीच. लेथखालीं पडलेला लोखंडाचा कीस मुलगा रोज झाडतो. कीस निळसर पडला म्हणजे कातण्याच्या जागीं उष्णता फार झाली, हें जर यंत्रावरच्या मिस्त्रीनें त्यास एकदां दाखविलें, तर उद्यांपासून तो झाडतांना वाचूं लागेल. दाखविलें नाहीं, तर सहा महिने झाडूनहि तो फरशीच झाडील. झाडू तोच, तासहि तेच.

उलट, यंत्रावर उभें केल्यानें शिकणें होतेंच असेंहि नाहीं. हल्लींच्या यंत्रांत तुकडा घालावा, झांकण लावावें, कळ दाबावी, तुकडा काढावा, एवढेंच पुष्कळदां त्याच्या वांट्यास येतें. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत तें येतें, आणि पुढच्या साऱ्या दिवसांत त्यांत कांहीं भर पडत नाहीं. अशा ठिकाणीं त्याच्या हातून तुकडा बिघडत नाहीं, आणि मालक समाधानानें म्हणतो कीं पोर हुशार आहे. आम्हांस येथेंच शंका येते. ज्याच्या हातून कांहीं बिघडूंच शकत नाहीं त्यास कांहीं सोंपविलेलेंच नाहीं. मापाची जबाबदारी, हत्यार लावण्याची जबाबदारी, 'हा तुकडा चालेल कीं भंगारांत टाकावा' हें ठरविण्याची जबाबदारी हीं शिकण्याचीं खरीं स्थळें. आणि तेथें नवशिका चुकणारच. म्हणून आमच्या मतें परीक्षा ही: या मुलाला शिकवितांना कारखान्यानें आपलें स्वतःचें कांहीं नासूं दिलें काय? थोडेंसें लोखंड, एखादें हत्यार, मिस्त्रीचा अर्धा तास? सुरगाण्याच्या शेतांतल्या आईनें जें दिलें, तेंच.

कोणी म्हणेल, हें बोलणें सोपें आहे. अंबडच्या लहान कारखानदारास महिनाअखेर माल पोंचवावयाचा असतो, आणि मुलगा शिकून तयार झाला कीं अधिक पगाराच्या ठिकाणीं निघून जातो. हा आक्षेप पोकळ नाहीं. जुन्या इंग्लंडांत १५६३ च्या कायद्यानें उमेदवारास सात वर्षें बांधून टाकीत, तें बव्हंशीं या भयापोटींच म्हणतां येईल; शिकविल्याचा खर्च मालक पुढच्या वर्षांच्या फुकट श्रमांतून वसूल करी. १७७६ सालीं ॲडम स्मिथनें या दीर्घ उमेदवारीवर कडक टीका केली. ज्यास आपल्या श्रमाचें फळ मिळत नाहीं तो आळशी होणारच, हा त्याचा एक मुद्दा. आणि दुसरा असा कीं, बहुतेक धंदे शिकावयास इतकीं वर्षें लागतच नाहींत. १८१४ सालीं तीं कलमें रद्द झालीं. आपल्याकडे आतां हा खर्च सरकारनें अंशतः उचलला आहे. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेनें विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेंत, देऊं केला. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं युवकांसाठीं जी कार्य प्रशिक्षण योजना काढली तींत तर औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणास दरमहा ८,००० रुपये सहा महिने सरकारी तिजोरींतूनच देण्याचें ठरलें. तेव्हां मुलाच्या पोटाचा भार जेथें लोकांच्या पैशानें चालतो, तेथें मालकाकडून मागणें उरतें तें नासाडीच्या तयारीचेंच. तेंहि नसेल, तर मालकानें मुलास घेतलें नसून सरकारचे पैसे घेतले, असें म्हणण्यास आमची हरकत नाहीं.

मुलाच्या बाजूनेंहि कांहीं देणें आहेच. पहिल्या आठवड्यांत 'मला यंत्र दिलें नाहीं' म्हणून रुसणारा, किंवा काय बिघडलें तें लपविणारा मुलगा आपलें शिकणें आपणच थांबवितो. लपविलेला तुकडा पुढें जाऊन दुसऱ्याच्या यंत्रांत बसतो. आणि यंत्र कोणाच्या तरी हाताजवळ फिरत असतें. परंतु हा दोष देण्यापूर्वीं त्याची स्थिति पाहावी. घरापासून दूर, कोठेंतरी एका खोलींत चार-पांच जणांबरोबर राहिलेला, घरीं कोकणी बोलणारा, कारखान्यांतील मिस्त्रीच्या निम्म्या हिंदी, निम्म्या इंग्रजी शब्दांनीं गोंधळलेला असा तो असतो. 'कळलें काय?' असें विचारलें तर तो 'हो' म्हणतो, कारण 'नाहीं' म्हणण्याची त्यास भीति वाटते. बांधाकडच्या कोंपऱ्यांत आईपुढें त्यास ही भीति नव्हती. ज्या ठिकाणीं 'नाहीं कळलें' असें म्हणतां येत नाहीं तेथें मिस्त्री कितीहि कसबी असला तरी त्याचें कसब त्याच्याच हातांत राहतें.

राहतां राहिली ती 'जवळच्या उद्योगा'ची सोय. ज्या गांवाजवळ उद्योग नाहीं तेथील मुलांनीं प्रकल्प करावा, हा नियम वरवर दयाळू दिसतो. परंतु त्यानें ज्यास कारखाना आधींच दूर त्याला तो आणखी दूर होतो, आणि सातपूरच्या मुलास मिळालेला अनुभव सुरगाण्याच्या मुलास कागदावर मिळतो. त्याऐवजीं १५० तासांपुरती राहण्या-जेवण्याची सोय करून त्यास सातपूरास नेणें, हा खर्च आम्हांस अवाढव्य वाटत नाहीं. दुसरीहि एक वाट आहे. सुरगाण्यांत पाणी उपसण्याचे पंप आहेत, भात भरडण्याच्या गिरण्या आहेत, जीप व मोटारसायकली दुरुस्त करणारीं दुकानें आहेत. तेथें नाशिकचें कौशल्य नाहीं, हें खरें. पण बिघाड भरपूर आहे. भर आवणींत बंद पडलेला पंप पुन्हां चालू करणें हें काम ज्या मुलावर सोंपविलें जाईल त्याचे १५० तास फुकट जातील असें आम्हांस वाटत नाहीं, मग पहिल्या खेपेस त्यानें एखादा वायसर उलटा बसविला तरी.

१९६१ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकानें ठेवावयाची असते. तींत हजेरी भरली जाते, तास भरले जातात, केलेल्या कामांचीं नांवें भरलीं जातात. पुढच्या वेळीं कोणी अधिकारी ती वही तपासावयास बसेल तेव्हां त्यानें बिघडलेल्या तुकड्यांचाहि हिशेब मागावा, आणि तो रकाना सगळा कोरा निघाला तर मिस्त्रीस बोलावून त्याचें कारण विचारावें.