सातासमुद्रापलीकडचे देऊळ आणि गावची दिवाबत्ती



पूजेच्या वेळा, अभिषेकाचे नियम, निवासाची व महाप्रसादाची व्यवस्था ही माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे. प्रस्तुत लेख एका प्रश्नासंबंधी आहे. तो प्रश्न संस्थानच्या कार्यालयात मला एका मावशींनी विचारला होता. त्याचे मी तत्काळ दिलेले उत्तर चुकले, ही रुखरुख आजही मनात आहे. ती चूक दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न आहे.

मावशी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीस आल्या होत्या. माहेर याच परिसरातले, सासर ठाण्याकडचे. पावती फाडत असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्यांच्या गावात आता मोठं देऊळ झालंय. तो म्हणतो, देव एकच आहे, मग गावच्या देवळाला वर्गणी आता कशाला? मी त्याला काय सांगू?"

मी मोठ्या अधिकाराने म्हटले, "मावशी, मूळ स्थान ते मूळ स्थान. तिकडचं देऊळ म्हणजे शेवटी प्रतिकृती."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी नात तिथे रोज दिवा लावते, तो खोटा का?"

त्यांच्या हाती पावती देण्यापलीकडे माझ्याजवळ काही उरले नाही.

देव जागेला बांधलेला आहे काय?

आपल्याकडे स्थानमाहात्म्य मोठे आहे आणि ते योग्यच आहे. येथून दक्षिणेस असलेल्या श्रीक्षेत्र हरिहरेश्वराचा समुद्रालगतचा प्रदक्षिणामार्ग ज्यांनी पाहिला असेल, त्यांस हे वेगळे सांगावयास नको. लाटांनी कोरलेले ते कातळ आणि ओहोटीची वाट पाहत थांबलेले यात्रेकरू यांची प्रतिकृती कोठेही करता येणार नाही. दगड जहाजातून नेता येतो, समुद्र नेता येत नाही.

परंतु देव जागेपासून हलतच नाही, असे म्हणावे तर आपलाच इतिहास आडवा येतो. गोमंतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा कुशस्थळीच्या महाजनांनी १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळास नेले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. ज्या मुलखात हे देव आश्रयास गेले, तेथे त्या वेळी आदिलशाहीचा अंमल होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आज लाखो भाविक मंगेशीस व कवळ्यास जातात. तेथे उभे राहून "हे मूळ स्थान नव्हे, म्हणून येथील देव दुय्यम" असे कोणी म्हणत नाही. नदी ओलांडून आलेला देव देवच राहतो, तर समुद्र ओलांडल्याने त्याचे देवपण उणे का व्हावे?

याहून जवळचा दाखला प्रत्येकाच्या देवघरात आहे. कुलदैवताचे टाक घेऊन आपले पूर्वज घाटावर गेले, मुंबईस गेले, गिरणगावातील चाळीतल्या खोलीत राहिले. तळहातावर मावणाऱ्या त्या धातूच्या पत्र्यावर नवरात्र झाले, लग्नकार्याचे कुळाचार झाले. पूजेच्या आरंभी आपण आवाहन करतो, म्हणजे देवास बोलावतो. आपल्याच रायगड जिल्ह्यातील पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी जहाजाने परदेशी रवाना होतात. चतुर्थीस त्या मातीत प्राणप्रतिष्ठा होते, आणि विसर्जनानंतर ती माती पुन्हा माती होते. ज्या धर्माने दीड दिवसाच्या मातीत देव पाहिला, त्याने लंडन वा न्यूयॉर्क येथील देवळात तो नाही असे म्हणणे सुसंगत ठरत नाही.

मूर्ती गेली, माणसे राहिली. माणसे गेली, मूर्ती राहिली

मग देऊळ नेमके कशावर उभे असते? दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

पहिले आपल्या शेजारच्या दिवेआगरचे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तेथील एका वाडीत जमिनीखाली पेटी सापडली आणि तीत श्रीगणेशाचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्या सुवर्णगणेशामुळे गावाचे नाव सर्वदूर झाले. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा बळी गेला आणि चोरट्यांनी तो मुखवटा वितळवून टाकला. केवळ सोने पूज्य असते, तर त्या दिवशी सारे संपले असते. परंतु गावाने देऊळ बंद केले नाही, पूजाअर्चा चालू ठेवली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मधली नऊ वर्षे देवळात सुवर्णमुखवटा नव्हता, तरी सेवा होती.

दुसरे उदाहरण दूर कंबोडियातील आहे. तेथे हरी आणि हर यांच्या एकत्रित रूपाची उपासना चौदाशे वर्षांपूर्वी प्रचलित होती. सातव्या शतकातील हरिहराच्या अत्यंत देखण्या पाषाणमूर्ती आज नॉम पेन्ह येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. नवव्या शतकात राजा इंद्रवर्मा याच्या राजधानीचे नावच 'हरिहरालय' असे होते, आणि तेथील बाकोंग हे भव्य शिवालय इसवी सन ८८१ चे आहे. आपल्या हरिहरेश्वराचे नाव घेणाऱ्या भाविकाचे मन हे वाचून भरून येईल. पण त्या संग्रहालयातील मूर्तीपुढे नित्य नैवेद्य नाही, काकडआरती नाही. बाराव्या शतकात विष्णूसाठी उभारलेल्या अंगकोर वाट येथे पुढे बौद्ध उपासना सुरू झाली व ती आजतागायत चालू आहे. तेथील दिवा विझलेला नाही, तो वेगळ्या भावाने लावला जातो, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आपल्याला घ्यावयाचा बोध एवढाच, की शिळा हजार वर्षे टिकते, पण रोज सकाळी उठून कोणी पाणी घातले नाही तर देवळाची वास्तू होते आणि मूर्तीचे शिल्प होते.

ज्यांच्यापाशी मूर्तीही नव्हती

एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी मॉरिशसला करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती. धर्मशास्त्राने कलियुगात समुद्रयान निषिद्ध मानलेले होते, तरी पोटासाठी ती निघाली. पोर्ट लुई येथे ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. सरकारी नोंदवहीत आजोबांचे जे नाव लिहिले गेले, तेच पुष्कळांच्या बाबतीत पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसले. मूळ गावाचे नाव मागे पडले. घरात क्रिओल भाषा आली. तरीही तेथील मराठी कुटुंबांनी गणेश चतुर्थी, गोंधळ आणि आपल्या कोकणातील जाखडी हे सारे जतन केले. आज त्या देशात गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते.

त्याच बेटावर डोंगरात एक तलाव आहे. १८९७ च्या सुमारास तेथील हिंदूंनी त्यास पवित्र मानण्यास प्रारंभ केला. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात विधिपूर्वक मिसळण्यात आले आणि तो 'गंगा तलाव' म्हणून प्रसिद्ध झाला. महाशिवरात्रीस लक्षावधी भाविक कावडी घेऊन पायी तेथे जातात. तेथील आजी आपल्या नातवाला "ही खोटी गंगा आहे" असे सांगत असेल काय? ज्यांच्या हातून गाव, भाषा आणि नावही निसटले, त्यांनी दिवा तेवढा हातचा जाऊ दिला नाही. त्यांच्या देवळास प्रतिकृती म्हणणे हा त्यांच्या कष्टांचा अवमान होय.

पुढच्या काळात शिकलेली, सुस्थितीतील माणसे परदेशी गेली आणि मोठी देवळे उभी राहिली. न्यूयॉर्कमधील फ्लशिंग येथील गणेशमंदिराची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ रोजी झाली. लंडनच्या नीस्डन येथील स्वामिनारायण मंदिर १९९५ साली पूर्ण झाले. त्याचे २६ हजारांहून अधिक दगड भारतात कोरून तिकडे जोडण्यात आले. अबुधाबी येथील मंदिराचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. तिकडे बालाजी, देवी, गणपती, महादेव असे अनेक देव बहुधा एकाच छपराखाली नांदतात, आणि मंगळवारचा उत्सव नोकरीच्या सोयीने शनिवारी होतो. यास कोणी नाके मुरडू नयेत. आपल्या मंदिरातही सर्वाधिक गर्दी शनिवार-रविवारीच असते, हे कार्यालयात बसणाऱ्यास चांगले ठाऊक आहे.

मग गावची वर्गणी कशाला?

येथवर आलो की मावशींच्या नातीचा दिवा खरा ठरतो. पण त्यांच्या मुलाचा प्रश्न तसाच राहतो. देव तेथेही तितकाच असेल, तर येथे पैसे का पाठवावेत?

याचे उत्तर श्रीवर्धनच्या भट घराण्याने देऊन ठेवले आहे असे मला वाटते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना श्रीवर्धन सोडावे लागले. १७१३ साली त्यांस पेशवेपद मिळाले आणि पुढे पुणे हेच त्या घराण्याचे घर झाले. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर बांधले. म्हणजे नव्या ठिकाणी त्यांनी देव बसवला. परंतु त्याआधीच, १७२३ मध्ये, पहिल्या बाजीरावांनी कुलदैवत हरिहरेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केलेला होता. पर्वती झाली म्हणून हरिहरेश्वर सुटला नाही, आणि हरिहरेश्वर आहे म्हणून पर्वती अडली नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. जागेचे बंधन देवाला नाही, ते आपल्याला आहे. देव कोठेही प्रसन्न होईल, पण गावच्या देवळातील समई आपोआप पेटत नाही. ती गुरव पेटवतो. त्याला घर आहे, मुले आहेत. पालखी खांद्यावर घ्यावयास माणसे लागतात, आणि आमच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत शिमग्यास मुंबईकर आले नाहीत तर खांदेकरी पुरत नाहीत. ज्या दिव्याच्या उजेडात आपण लहानाचे मोठे झालो, तो ज्या हातांनी तेवत ठेवला त्यांचे आपण ऋणी असतो. वर्गणी हे त्या ऋणाचे स्मरण आहे. देव एक आहे म्हणून हे ऋण फिटत नाही, जसे नवा शेजार चांगला मिळाला म्हणून जुन्या शेजाऱ्याचे उपकार फिटत नाहीत.

आणि आता जे लिहितो, ते संस्थानच्या सचिवाने लिहावे की नाही, असा प्रश्न काही विश्वस्तांस पडेल. ज्या न्यायाने मुलगा येथील दिव्याचा ऋणी आहे, त्याच न्यायाने नात तेथील दिव्याची ऋणी आहे. तिने आरती तेथे ऐकली, प्रसाद तेथे खाल्ला, देवळात चप्पल काढून रांगेत ठेवण्यास ती तेथे शिकली. उद्या ती मिळवती झाली आणि तिने पहिली देणगी तिकडच्या देवळास दिली, तर आम्ही ते आमचे नुकसान मानू नये. ती येथे आली तर तिचे स्वागत पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून व्हावे. मात्र तिच्यावर तिच्या आजीचे कर्ज लादू नये. ज्याच्या हाती जो दिवा आला, त्याने तो सांभाळावा, एवढाच धर्म मला दिसतो.

देणगीदारांस याच अनुषंगाने एक विनंती. कळस, दरवाजाची चांदी, नावाची फरशी यांसाठी देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे आम्ही आभारी आहोत. परंतु वर्षभराचे तेल, फुले, नैवेद्याचे तांदूळ आणि सेवेकऱ्यांचे मानधन यांसाठी पावती फाडणारे थोडे असतात. दिवेआगरने आपल्याला दाखवले, की सोने जाऊ शकते. कंबोडियाने दाखवले, की दगडही पुरेसा नाही. मॉरिशसने दाखवले, की दोन्ही नसताना केवळ नित्यनेमावर देव टिकतो. आपली देणगी लहान असो वा मोठी, तीतील एक हिस्सा नित्यपूजा व दिवाबत्तीसाठी ठेवावा.

त्या मावशी पुन्हा आल्या तर मी त्यांना बसावयास खुर्ची देईन आणि सांगेन, "नातीचा दिवा अगदी खरा आहे मावशी. तिला म्हणावं, रोज लाव. आणि मुलाला म्हणावं, तिचा दिवा खरा आहे म्हणून तुझा इकडचा विझवू नकोस."

सायंकाळी सांजारतीस अवश्य थांबावे. श्रींची कृपा आपणा सर्वांवर, येथे आणि जेथे असाल तेथे, अखंड राहो.

— कार्यालय सचिव