ऐकणारं माणूस

श्रावण लागला की आमच्या घरी देवघरासमोर पाट मांडला जाई आणि त्यावर श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ उघडला जाई. आजीला अक्षरओळख नव्हती आणि घरातली मोठी माणसं दिवसभराच्या कामाने थकून आलेली असत. त्यामुळे दिवेलागणीनंतर पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तिसरीत होतो. शाळेच्या पुस्तकातले धडे ठसठशीत टायपात असत. पोथीच्या ओळी मात्र दाट, कुठला शब्द कुठे संपतो ते पटकन कळू नये अशा. मी बोट ठेवून एकेक शब्द सोडवत जायचो. आजी भिंतीला टेकून, हातात जपमाळ धरून, डोळे मिटून ऐकायची.

मी चुकलो की तिच्या बोटांतला मणी थांबायचा. पोथीतल्या ओवीचे पहिले तीन चरण एकाच यमकावर संपतात. माझ्या तोंडून एखादा शब्द वेडावाकडा निघाला की ते यमक मोडायचं, आणि जिला ‘क’ कुठला नि ‘ख’ कुठला हे सांगता आलं नसतं तिला ते लगेच कळायचं. ती रागवायची नाही. “परत म्हण बाळा, तिथं काहीतरी अडलंय,” एवढंच म्हणायची. मी मागे जाऊन पुन्हा वाचायचो. यमक जुळलं की मणी पुढे सरकायचा.

अक्षरं मला शाळेत गुरुजींनी शिकवली. वाचायची गोडी मात्र लावली ती या निरक्षर आजीने, नुसतं रोज ऐकून.

हे सगळं परवा आठवलं ते एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. परिपाठ नुकताच संपला होता. दुसरी-तिसरीच्या वर्गात खिडकीखाली सतरंजी घालून वाचन कोपरा केला होता आणि वर ताणलेल्या दोरीला गोष्टींची पुस्तकं चिमट्यांनी अडकवलेली होती. मी सतरंजीवर टेकलो, तशी दुसरीतली एक मुलगी पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता वाचायला लागली. एका शेळीची गोष्ट होती. शेळी घरात शिरते त्या ओळीवर ती थबकली. “उं... ब... र... ठ...” जोडाक्षर आडवं आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो, फक्त मान हलवली. तिने पुन्हा ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले आणि एकदम मोठ्याने म्हणाली, “उंबरठ्यावर!” तो शब्द तिने आपल्या हाताने झाडावरून काढला असावा, असा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

ती उठली आणि मान वर करून पाहतो तो सात-आठ मुलं हातात एकेक पुस्तक घेऊन उभी. “सर, माझं पण ऐका ना.” प्रत्येकाचं एकच मागणं होतं. त्यांना खाऊ नको होता, शाबासकीही नको होती. त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं.

त्या वर्गाच्या बाईंनी नंतर साधा हिशोब मांडला. वर्गात तीस मुलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत एका शिक्षकामागे तीस हेच प्रमाण धरलेलं आहे. रोज प्रत्येक मुलाचं पाच मिनिटं वाचन ऐकायचं म्हटलं तरी अडीच तास लागतात. त्यात लहान गावच्या शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता. गणित, परिसर अभ्यास, पोषण आहार, माहितीचे तक्ते हे सगळं सांभाळून ते अडीच तास आणायचे कुठून? कितीही तळमळीचा शिक्षक असला तरी हा हिशोब त्याला एकट्याला सुटणारा नाही.

आणि लहान मुलाला तर मोठ्यानेच वाचावं लागतं. सुरुवातीला त्याचं सगळं लक्ष काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं ओळखण्यात गुंतलेलं असतं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तीच गोष्ट तीन-चार वेळा वाचली की अक्षरं आपोआप ओळखू यायला लागतात आणि मन गोष्टीकडे वळायला मोकळं होतं. शेळी कुठे गेली, तिला कोण भेटलं, हे तेव्हा कुठे त्याला दिसायला लागतं. हा सराव रोजचा आहे, तालमीतल्या जोर-बैठकांसारखा. पण समोर कोणी ऐकत नसेल तर सात वर्षांचं पोर तो किती दिवस करील?

हा सराव किती मुलांचा राहून जातो हे ‘असर’ नावाची शैक्षणिक पाहणी २००५ पासून सांगत आली आहे. तिचे स्वयंसेवक गावोगाव मुलांच्या घरी जातात, मुलापुढे एक कागद ठेवतात आणि त्याला वाचून दाखवायला सांगतात. त्यावर अक्षरं असतात, शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर शंभर मुलांपैकी साधारण २७ जणांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता आली. पाचवीतही वाचणारी मुलं निम्म्याला पोचली नाहीत. चौथी-पाचवीनंतर तर सगळंच वाचनावर चालतं. ज्याला वाचताच येत नाही त्याचं गणितही शाब्दिक उदाहरणापाशी अडतं, आणि घरचे म्हणतात, पोराला डोकं नाही.

याची दखल घेतली गेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट ठेवून २०२१ च्या जुलैमध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. २०२६-२७ ही त्याची मुदत आहे. महाराष्ट्रात डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत पुस्तकं मांडली जातात, मुलं रांगेत बसून वाचतात. उपक्रम चांगलाच आहे. पण १६ ऑक्टोबरला संध्याकाळी त्या मुलाजवळ कोण बसतं, यावर त्याचं वाचन ठरतं.

घरातलं कोण बसणार? पालकसभेत हा विषय निघाला की आया खाली मान घालतात. “आम्ही कुठं शिकलोय, बाई?” त्या माउल्यांना माझं सांगणं आहे की मुलाचं ऐकायला शिकलेलं असावं लागत नाही. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झालं, तेव्हा पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांच्या आयांचे गावोगाव गट केले गेले. त्यांना सोप्या कृती सुचवल्या आणि त्या कृती त्यांनी मुलांकडून घरी करून घेतल्या. डाळ-तांदूळ निवडता निवडता मोजणी झाली, गोष्टी सांगून झाल्या. काय करायचं ते कोणी नेमकेपणाने सांगितलं, की आई मागे हटत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात तर याच्या पुढचं पाऊल पडलं. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन शाळेत येऊ लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास घ्यायला नातवंडं बसू लागली. आजीला अक्षर शिकवताना नातवंडाचंही अक्षर पक्कं होतं. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पोथी अशीच वाचली जायची, मुंबईहून आलेलं पत्रही असंच. शाळेत जाणारं पोर वाचायचं आणि अख्खी ओसरी ऐकायची. आता पत्रं येत नाहीत, पोथीचं ध्वनिमुद्रण फोनवर लागतं. मुलाच्या वाचण्याची घराला गरज उरली नाही. ती गरज आपल्याला ठरवून निर्माण करावी लागेल.

त्यासाठी शाळेनेही एक करावं. पुस्तकं घरी जाऊ द्यावीत. फाटतील, हरवतील आणि मग हिशोब द्यावा लागेल, या धास्तीने कितीतरी शाळांत ती कपाटात कुलूपबंद असतात. फाटलेलं पान डिंकाने चिकटवता येतं. मुलाचं वाचायचं वय मात्र परत आणता येत नाही. शनिवारी प्रत्येक दप्तरात एक पुस्तक गेलं पाहिजे आणि सोमवारी “काय वाचलंस?” यापेक्षा “कोणाला वाचून दाखवलंस?” असं विचारलं पाहिजे. पुस्तकं कमी पडत असतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. १९७१ पासून ते निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

घरच्यांनी फक्त दहा मिनिटं द्यायची आहेत. फोन लांब ठेवायचा. मूल अडलं तर शब्द त्याच्या तोंडातून काढून घ्यायचा नाही, थोडं थांबायचं. चुकलं तर “परत म्हण बाळा,” म्हणायचं. शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही. गोष्ट संपली की “मग पुढं काय झालं असेल?” असं मनापासून विचारायचं. आईला जमत नसेल तर बाबा, बाबा नसतील तर आजोबा. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांचं पोर गावात मागे राहिलं असेल तर त्याची आजी, शेजारची काकू, आठवीतली ताई. कोणीही चालेल, पण रोज कोणीतरी हवं.

आज संध्याकाळी तुमच्या घरातलं, नाही तर शेजारचं एखादं लहान मूल जवळ बोलवा. त्याच्या हातात पुस्तक द्या, शेजारी बसा आणि म्हणा, “वाच, मी ऐकतोय.”