डब्यात काय होतं?

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकात, संध्याकाळी साबूदाण्याच्या खिचडीची गाडी लावणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्या गाडीशी रोज सातच्या सुमाराला एक मुलगा यायचा. त्याला लेखक व्हायचं होतं. मावशींना दहाच्या आत पातेलं रिकामं करून घरी जायचं होतं.

मुलगा ऑनलाइन कथास्पर्धांना कथा पाठवायचा. एक-दोन नाही, महिन्याला सात-आठ. विषय त्यांचा, शब्दमर्यादा त्यांची, आणि मुदत ठरलेली: रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं. ‘पाऊस’ म्हटलं की पाऊस, ‘पहिलं प्रेम’ म्हटलं की ते. कुठे शंभर रुपये प्रवेशशुल्क, कुठे फुकट. कुठे वाचकांची मतं मोजायची, मग हा पुण्याच्या आत्यापासून ग्वाल्हेरच्या मामेभावापर्यंत सगळ्यांना लिंक पाठवून “कथा नाही वाचलीत तरी चालेल, पण पाच तारे द्या” असं विनवायचा. एका ठिकाणी त्याची कथा निवडली गेली, पुस्तकात येणार म्हणाले. पुस्तकाच्या पाच प्रती त्यालाच विकत घ्याव्या लागल्या. चार अजून माळ्यावर आहेत.

बक्षीस नाही, पण प्रमाणपत्रं भरपूर. भाग घेणाऱ्या प्रत्येकालाच ती मिळतात. सोनेरी किनार, खाली सही, आणि नावाच्या जागी एकदा तर दुसऱ्याच कुणाचं नाव.

घरी आजोबा होते. त्यांनी एकदा विचारलं, “एवढ्या कथा पाठवतोस, कुणी काही कळवतं का? काय जमलं, कुठे फसलं?”

“प्रमाणपत्र पाठवतात.”

“आमच्या वेळी ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन होते. कथा परत करायचे, पण सोबत काय खटकलं ते लिहायचे. लोक पुन्हा लिहून पाठवायचे. पुन्हा परत यायची.”

“मग छापून कधी यायची?”

“काहींची कधीच नाही.” आजोबा हसले. “आणि ते राहू दे. आपल्याच गावात शिकलेले, इथेच काही वर्षं मास्तरकी केलेले मुक्तिबोध बघ. घरात मराठी, लिहिलं हिंदीत. एकेक लांब कविता वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत बसायचे. पहिला कवितासंग्रह निघाला तो १९६४ मध्ये, ते गेल्यावर.”

हे ऐकून मुलाला काडीचंही बरं वाटलं नाही. मेल्यावर निघणारा संग्रह कुणाला हवाय? मला विचाराल तर मुलाचंही बरोबरच होतं. हालअपेष्टांचा आदर्श दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं.

श्रावणातला सोमवार होता. महाकालाची श्रावणातली सवारी इकडे फ्रीगंजात येत नाही, ती मंदिरातून रामघाटावर जाते. पण उपवासवाले फ्रीगंजच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना असतात. मावशींच्या पातेल्याचा साडेसहालाच तळ दिसू लागला. गाडीभोवती तीस-चाळीस माणसं. मावशींचा मुलगा म्हणाला, “आई, मी दुपारी आणखी तीन किलो भिजवलाय. गरम पाण्यात. लवकर फुगला.”

मावशींनी झाकण काढलं. एक दाणा उचलून अंगठा आणि तर्जनीत दाबला. बाहेरून तो चिकट झाला होता आणि आत पांढरी कणी तशीच, खडूसारखी. त्यांनी दुसरा दाणा दाबला, मग तळातला एक. साबूदाणा रात्री धुऊन ठेवायचा असतो, दाणा जेमतेम बुडेल एवढंच पाणी, जास्त झालं की लगदा. माळव्यात गाड्यांवर ही खिचडी परतत नाहीत. खाली उकळत्या पाण्याचा हंडा, वर पातेलं, आणि वाफेवर ती तासन्‌तास मोकळी राहते. दाणा आधी नीट भिजलेला नसला तर वाफ त्याला शिजवत नाही, एकमेकांना चिकटवते.

“आज नाही,” मावशी गर्दीला म्हणाल्या. “संपली.”

“अगं, लोक उभे आहेत! वर शेंगदाणे, फराळी चिवडा, लिंबू मारलं की कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना.”

गर्दी कुरकुरत शेजारच्या गाडीकडे सरकली. तीन किलो साबूदाणा गेला, वर हातची विक्री गेली. मावशींचा मुलगा चिडून टपरीवर चहा प्यायला निघून गेला. मावशी स्टुलावर बसल्या. आपला लेखक तिथेच उभा होता, उपाशी, मोबाइल हातात.

“आज तुला काही नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. “बस हवं तर. रोज काय वाचत असतोस त्यात?”

“वाचत नाही, लिहितो. गोष्टी.”

“मग सांग एखादी. आज मला वेळच वेळ आहे.”

त्याने त्या रात्री पाठवायची कथा वाचून दाखवली. विषय ‘प्रवास’, मर्यादा हजार शब्द. देवासमार्गे इंदूरला जाणारी पॅसेंजर, खिडकीशी एक म्हातारी, तिच्या मांडीवर पितळेचा डबा. समोर एक तरुण. दोघांचं बोलणं होतं, त्याला आपली आई आठवते, डोळे भरून येतात, स्टेशन येतं. शेवटी एक चटका लावणारं वाक्य. असं वाक्य परीक्षकांना आवडतं, हे त्याने मागच्या विजेत्या कथा वाचून हेरलं होतं.

मावशींनी ऐकलं. मग म्हणाल्या, “छान आहे. पण डब्यात काय होतं?”

“कुठल्या?”

“म्हातारीच्या. देवासपासून इंदूरपर्यंत ती तो खाली ठेवत नाही म्हणालास. मी देवासची. एवढ्याशा प्रवासात पितळेचा डबा मांडीवर धरून कोण बसतं? काहीतरी असणारच.”

मुलगा गप्प झाला. डब्यात काय होतं ते त्याने लिहिलंच नव्हतं. खरं म्हणजे पहिल्या खर्ड्यात होतं काहीतरी, दीडशे शब्दांचं. मर्यादेत बसेना म्हणून काढून टाकलं होतं. डबा तेवढा राहिला होता, दिसायला बरा म्हणून. इतक्या स्पर्धा झाल्या, इतक्या आत्या-मामांनी पाच-पाच तारे दिले, पण त्याच्या गोष्टीतल्या कुठल्याही वस्तूबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं.

“तुम्हाला काय वाटतं, काय असेल?”

“मला काय विचारतोस? गोष्ट तुझी.” त्यांनी फसलेल्या साबूदाण्याचं पातेलं गाडीखाली सरकवलं. सकाळी गाईला घालायचा होता.

तो तिथेच दगडावर बसला. चौकात दिवे लागले होते, कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, टावरभोवती पोरं स्कूटर फिरवत होती. त्याने शेवटचं चटका लावणारं वाक्य खोडलं. मग समोरच्या तरुणाची आई खोडली. म्हातारी उरली, खिडकी उरली, डबा उरला. मोबाइल थरथरला: ‘प्रवेशिका पाठवण्यासाठी फक्त काही तास शिल्लक!’ त्याने तो संदेश बोटाने बाजूला सारला.

मावशी गाडी आवरत होत्या. हंड्यातलं पाणी ओतून झालं, द्रोणांची चवड बांधून झाली.

“मावशी,” तो म्हणाला, “मुगाचे लाडू चालतील?”

त्या थांबल्या. “कुणी केलेले?”

“म्हणजे?”

“तिने केलेले, की तिला कुणी दिलेले?”

मुलगा डोकं खाजवत पुन्हा खाली बसला.