वंशावळीतील कैदी

नाताळपूर्वीच्या दिवसांत, १७ डिसेंबरला, मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ मिस्सात वाचली जाते. अमुकापासून तमुक झाला, तमुकापासून आणखी कोणी झाला, अशी ती बेचाळीस पिढ्यांची यादी. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचे लक्ष तेवढ्या वेळात दुसरीकडे जाते. परंतु त्या यादीतून मत्तयने जी नावे गाळली नाहीत, ती विचार करण्याजोगी आहेत. सासऱ्याला फसवून त्याच्यापासून मुलगे मिळवणारी तामार, यरिहो नगरातील वेश्या राहाब, परक्या मवाब देशातून आलेली रूथ, आणि उरीयाची पत्नी. या चौथ्या स्त्रीचे बथशेबा हे नाव मत्तय घेत नाही. तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने तिचा उल्लेख करतो आणि दावीद राजाचे पाप उघडेच ठेवतो. कुळाची थोरवी सांगताना लोक जे झाकतात, ते त्याने झाकले नाही. मिरवलेही नाही. फक्त नोंदवले.

आपल्या कुळातील अपकीर्तीचे माणसाने काय करावे? हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी कुजबुजत विचारला जातो. ऑस्ट्रेलियात मात्र तो लक्षावधी कुटुंबांपुढे उभा राहिला, कारण त्या देशातील गोऱ्या वसाहतीचा पायाच मुळी कैद्यांनी घातला होता. त्यांच्या वंशजांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, ती आपल्यालाही तपासून पाहता येतील.

१३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथ बंदरातून अकरा जहाजे निघाली आणि आठ महिन्यांच्या प्रवासानंतर २६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिप यांनी सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिश निशाण रोवले. तेव्हापासून १८६८ पर्यंतच्या ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६० हजार माणसे शिक्षा म्हणून त्या खंडात पाठवली गेली. त्यांत सुमारे २५ हजार स्त्रिया होत्या. बहुतेकांचा गुन्हा चोरीचा. शिक्षा सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मभर. १७९० च्या दुसऱ्या ताफ्यातील सुमारे एक चतुर्थांश कैदी वाटेतच मेले. ठेकेदारांना पैसे मिळत ते जहाजावर चढवलेल्या माणशी. त्यातली किती जिवंत उतरली याच्याशी त्यांच्या कमाईचा संबंध नव्हता.

शिक्षा भोगून सुटलेल्यांनी शेती केली, दुकाने काढली, लग्ने केली. मुले वाढली, नातवंडे शिकली, आणि मग आजोबांविषयी बोलणे बंद झाले. तिकडे या गोष्टीला 'कैद्याचा डाग' असे म्हणत. आजोबा बेड्या घालून आले होते हे सांगण्यापेक्षा ते खलाशी म्हणून किंवा नशीब काढायला आले, असे सांगणे सोपे होते. टास्मानिया बेटाचे मूळ नाव व्हॅन डिमेन्स लँड. कैद्यांची रवानगी १८५३ मध्ये थांबल्यावर १८५६ मध्ये ते नावही बदलले गेले. जुन्या नावाला चिकटलेली दुष्कीर्ती रहिवाशांना नकोशी झाली होती. एका अख्ख्या बेटाने नाव बदलावे, तेथे एखाद्या घराने आजोबांचे नाव गाळले तर नवल कसले?

मग वारे फिरले. पहिल्या ताफ्यातून आलेल्यांच्या वंशजांनी १९६८ मध्ये आपली संघटना काढली. १९८८ मध्ये वसाहतीला दोनशे वर्षे झाली, आणि कुळाचा शोध घेणाऱ्यांची अभिलेखागारांत रीघ लागली. जे नाव पणजोबांनी लपवले, ते पणतू चौकटीत बसवून भिंतीवर लावू लागला. दस्तऐवजात फेरफार केल्याबद्दल हद्दपार झालेला वास्तुशिल्पी फ्रान्सिस ग्रीनवे १९६६ पासून काही काळ दहा डॉलरच्या नोटेवर होता. बनावट कागद करणाऱ्याचे चित्र चलनी नोटेवर! घोडा चोरला म्हणून कोवळ्या वयात हद्दपार झालेली आणि पुढे जहाजांची मालकीण झालेली मेरी रीबी वीस डॉलरच्या नोटेवर आली. कैद्यांच्या नोंदवह्यांना २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिले.

लाजेपेक्षा हे बरेच झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. सत्य बाहेर आले, यात समाधानही आहे. तरीही जरा थांबून विचारावेसे वाटते, की ही लाज आणि हा अभिमान खरोखर एकमेकांच्या विरुद्ध आहेत काय? लपवणाऱ्याला आपल्या अब्रूची काळजी होती. मिरवणाऱ्याला आपल्या कुळाची कहाणी रंजक हवी आहे. दोघांच्याही नजरेसमोर स्वतःच आहेत. पूर्वज हा केवळ आरसा. रुमाल किंवा साखरेची पिशवी चोरणाऱ्या पणजोबांचा अभिमान बाळगणे अवघड नाही, कारण त्या चोरीने आज कोणाचे काही जात नाही. परंतु त्याच यादीत जबरी गुन्हे केलेली माणसेही आहेत. त्यांच्यापर्यंत हा अभिमान पोहोचत नसेल, तर त्याला सत्यप्रेम कसे म्हणावे?

मृत माणसाला पहिल्याने हवा असतो तो न्याय. आणि येथे शोध घेणाऱ्यासमोर एक अडचण उभी राहते. सरकारी कागद पुष्कळ बोलतात. कैद्याचे वय, गाव, धंदा, गुन्हा, शिक्षा. पुढच्या काळातल्या नोंदींत उंची, डोळ्यांचा रंग, इतकेच काय, दंडावर गोंदवून घेतलेली प्रियजनांची आद्याक्षरेसुद्धा. पण हे सारे लिहिणारा हात कारकुनाचा, दंडाधिकाऱ्याचा, तुरुंगाधिकाऱ्याचा आहे. कैद्याचे स्वतःचे म्हणणे त्यात जवळजवळ नाहीच.

याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. सॅम्युएल मार्सडन या अँग्लिकन पाद्र्याने १८०६ मध्ये वसाहतीतील स्त्रियांची यादी तयार केली. १,४३० स्त्रियांपैकी ३९५ जणींना त्याने विवाहित म्हटले आणि उरलेल्या १,०३५ जणींपुढे 'रखेली' असा शेरा मारला. इंग्लंडच्या चर्चच्या विधीने झालेला विवाह तेवढाच खरा, असा त्याचा हिशेब. कॅथलिक धर्मगुरूसमोर लग्न लागलेल्या आयरिश स्त्रिया, यहुदी रीतीने विवाह केलेल्या स्त्रिया, वर्षानुवर्षे एकाच पुरुषाशी निष्ठेने संसार करणाऱ्या स्त्रिया, या सगळ्या त्या एका शब्दाखाली आल्या. आपल्या पणजीच्या नावापुढे तो शब्द वाचून ज्या वंशजाने वही मिटली, त्याने मार्सडनचा निकाल कायम केला. ज्याने थांबून 'हे लिहिले कोणी?' असे विचारले, त्याने पणजीला दोनशे वर्षांनी का होईना, साक्ष देण्याची संधी दिली.

आयरिश कैद्यांच्या श्रद्धेची कथाही अशीच कागदांच्या फटींतून शोधावी लागते. १७९८ च्या आयरिश उठावात सामील असल्याच्या आरोपावरून हद्दपार झालेले फादर जेम्स डिक्सन हे स्वतः कैदी होते. १५ मे १८०३ रोजी त्यांनी सिडनीत सरकारी परवानगीने पहिली जाहीर मिस्सा अर्पण केली. मार्च १८०४ मध्ये कासल हिल येथे आयरिश कैद्यांचे बंड झाले आणि परवानगी काढून घेण्यात आली. पुढे १८१८ मध्ये फादर जेरेमाया ओफ्लिन यांना देशाबाहेर घालवण्यात आले. जाताना ते पवित्र साक्रामेंत शिक्षा भोगलेल्या एका आयरिश माणसाच्या घरी ठेवून गेले, आणि १८२० मध्ये नवे धर्मगुरू येईपर्यंत श्रावक तेथे प्रार्थनेला जमत, अशी तिकडची परंपरा सांगते. ज्या घराला सरकार गुन्हेगाराचे घर समजे, तेच त्या काळात त्यांचे मंदिर झाले.

विल्यम अलथॉर्न हे बेनेडिक्टाइन धर्मगुरू १८३४ मध्ये नॉरफोक बेटावर गेले. तेथे कैद्यांनी बंड केले होते. कोणाला फाशी आणि कोणाला जीवदान, हे कोठडीत जाऊन सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्यांचे प्राण वाचले ते रडू लागले. ज्यांना मरण ठरले होते, त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. असे अलथॉर्न यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १८३८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी या शिक्षापद्धतीविरुद्ध साक्ष दिली. या कैद्यांपैकी कोणाचा वंशज केवळ 'बंडखोर, फाशी' एवढी नोंद वाचून थांबला, तर त्याला आपला पूर्वज भेटलाच नाही असे म्हणावे लागेल.

येथवर सहानुभूतीची वाट सोपी आहे. कठीण भाग पुढे आहे. कैदी ज्या भूमीवर उतरले ती रिकामी नव्हती. हजारो पिढ्या तेथे नांदणाऱ्या मूळनिवासींची ती होती. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीक येथे गुराख्यांच्या एका टोळीने सुमारे अठ्ठावीस निःशस्त्र मूळनिवासींना बांधून नेले आणि ठार केले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. टोळीच्या बारा जणांपैकी अकरा जण कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले. बारावा स्वतंत्र वसाहतवाल्याचा मुलगा. तो निसटला आणि कधीच पकडला गेला नाही. ज्यांच्या पाठीवर स्वतः फटके बसले होते, त्या हातांनी हे केले.

परंतु त्याच वस्तीवर जॉर्ज अँडरसन नावाचा एक कैदीही होता. तो झोपडीची राखण करी. त्याने त्या कृत्यात सहभागी व्हायला नकार दिला आणि न्यायालयात साक्ष दिली. खटला चालवला तो महाधिवक्ता जॉन ह्यूबर्ट प्लंकेट या आयरिश कॅथलिकाने. पहिल्या खटल्यात ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले, तेव्हा प्लंकेट यांनी सात जणांवर पुन्हा खटला भरला. गोऱ्या लोकमताचा प्रचंड रोष पत्करून तो शेवटास नेला गेला, आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी त्या सात जणांना फाशी झाली. कैदी तेही, कैदी अँडरसनही. बेडी कोणाला क्रूर करते, कोणाला करुणामय. निवड शेवटी माणसाचीच राहते.

आता वंशज म्हणेल, 'हे माझ्या पणजोबांनी केले. त्यात माझा काय दोष?' हा युक्तिवाद खोटा नाही. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबत नाहीत, हे यहेज्केल संदेष्ट्याने फार पूर्वी ठासून सांगितले आहे. प्रत्येक जण आपापल्या पापाचा जाब देईल. पाप वारशाने मिळत नाही, म्हणूनच पुण्यही नाही. मग पूर्वजांच्या कर्तबगारीचा अभिमानही तितकाच पोकळ ठरतो, हे युक्तिवाद करणाऱ्याने मान्य करायला हवे.

तरी एक गोष्ट उरते. आपल्याकडे वडील वारले की सात-बाऱ्यावर मुलांची वारसनोंद होते. जमीन नावावर येते, आणि तिच्यावर बोजा असेल तर तोही उताऱ्यावर राहतो. 'कर्ज मी काढले नव्हते' असे म्हणून जमीन तेवढी ठेवता येत नाही. दोष आणि ऋण यांत हा फरक आहे. पणजोबांच्या हातांवरील रक्ताचा दोष पणतूला लागत नाही. परंतु त्या रक्तामुळे मोकळी झालेली कुरणे, त्यांवर उभे राहिलेले घर आणि शिक्षण त्याच्यापर्यंत आले असेल, तर त्यासोबतचे ऋणही आले आहे. ते फेडण्याची सुरुवात सत्य सांगण्याने होते. तेथेच ती संपते, असे मात्र समजू नये.

काही वंशजांनी ही सुरुवात केली आहे. मायल क्रीक येथे जून २००० मध्ये स्मारक उभे राहिले. तेथे मारणाऱ्यांचे वंशज आणि वाचलेल्यांचे वंशज समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांना जवळ घेतले. वयाची चौदा वर्षेही न ओलांडलेली मेरी वेड ही लंडनची मुलगी दुसऱ्या लहान मुलीचे कपडे हिसकावल्याबद्दल १७८९ मध्ये फाशीस पात्र ठरली; शिक्षा बदलून तिला सिडनीला पाठवण्यात आले. तिच्या हजारो वंशजांपैकी एक, केव्हिन रड, पंतप्रधान झाले. कायद्याच्या आधाराने आईबापांपासून तोडल्या गेलेल्या मूळनिवासी मुलांची त्यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी पार्लमेंटमध्ये देशाच्या वतीने क्षमा मागितली. ज्या कुळातली एक मुलगी कायद्याने घरापासून तोडली होती, त्या कुळातील माणसाने हे शब्द उच्चारले.

आपल्याही अनेक घरांतील मुले आज सिडनी-मेलबर्नला स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले शाळेत हा इतिहास शिकतील आणि कधीतरी आजी-आजोबांना आपल्या कुळाविषयी विचारतील. चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव, तारीख, आईबाप आणि धर्ममायबाप सापडतील. घराची भांडणे, बुडवलेली देणी, माहेरी परत पाठवलेली सून, धाकट्या भावाची लाटलेली वाडी, हे त्या वहीत नसेल. ते आपल्यालाच सांगावे लागेल, आणि जे परत करता येण्याजोगे असेल ते परत करावे लागेल.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. ती प्रार्थना गृहीत धरते, की आपले मृत पूर्ण शुद्ध नव्हते. असते तर त्यांना तिची गरजच नव्हती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याचे पाप आपण नाकारू शकत नाही, आणि त्याचा तिरस्कारही करू शकत नाही. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने ही वृत्ती सोबत न्यावी. वहीच्या पानावर पणजोबांचे नाव सापडेल, पुढे गुन्हा लिहिलेला असेल. तो वाचावा, खरा की खोटा ते पारखून घ्यावे, ज्याचे नुकसान झाले त्याचेही नाव शोधावे, आणि दोघांसाठी मिळून एक मिस्सा सांगावी.