परका कोण?

सुरक्षा निरीक्षक कारखान्यात फेरी मारतो तेव्हा त्याच्याबरोबर कोणी चालायचं, एवढ्याशा प्रश्नावर अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. 1970च्या केंद्रीय कायद्याने मालकाच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधीला निरीक्षकासोबत फिरण्याची संधी दिली. कामगारांचा प्रतिनिधी त्याच कारखान्यातला हवा, ही अट मागाहून नियमात आली. सूट काय ती सुरक्षा अभियंत्यासारख्या तज्ज्ञाला. मालकाच्या माणसाला अशी अट नाही. त्याने शहरातून वकील बोलावून आणला तरी तो 'आपला'च. मला खटकतं ते हे.

2024च्या नव्या नियमाने बाहेरच्या माणसालाही वाट दिली, मात्र निरीक्षकाला त्याची गरज पटली पाहिजे: धोक्यांची जाण, तशाच कारखान्यांचा अनुभव किंवा भाषा. मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. हा वाद राज्यांपर्यंतही पोचतो, कारण वीसहून अधिक राज्यांची सुरक्षा यंत्रणा स्वतःची आहे. तिथले नियम निदान केंद्राइतके परिणामकारक असावेच लागतात. म्हणजे दार आणखी उघडायला राज्य मोकळं. लोटून घ्यायला गेलं की केंद्र आडवं येतं.

सुरक्षेच्या नावाखाली युनियनवाला आत शिरेल, ही मालकांची भीती. ती अगदीच पोकळ नाही. युनियनला सभासद हवेच असतात. कॅलिफोर्नियात 1975च्या एका नियमाने संघटकांना शेतावर जाऊन मजुरांशी बोलता येत असे, दिवसाला तीन तास, वर्षाला 120 दिवसांपर्यंत. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की हे मोबदला न देता मालमत्ता घेण्यासारखंच आहे. पण त्याच निकालात आरोग्य आणि सुरक्षेच्या सरकारी तपासण्या न्यायालयाने वेगळ्या ठेवल्या. आणि ते बरोबरच होतं. शेतावर संघटक निरीक्षकाशिवाय येत. इथे पुढे सरकारी निरीक्षक असतो, सोबत्याने तपासणीत अडथळा आणला तर तो त्याला बाहेर काढू शकतो.

भाषेचा मुद्दा मात्र या वादात उगाच मागे पडतो. निरीक्षक विचारतो, यंत्राचं झाकण काढून काम करायला लावतात का? कामगाराला इंग्रजी येत नाही. दुभाषा म्हणून पुढे होतो तो मुकादम, म्हणजे झाकण काढायला सांगणारा. कामगार आधी त्याच्याकडे बघतो, मग मान हलवतो. निरीक्षक वहीत 'नाही' लिहून पुढच्या यंत्राकडे जातो.