बुद्धीची अमानत आणि रक्तदाब



दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:७०) माणसाला त्याच्या दुर्बलतेची जाणीव करून दिली आहे. काही जण अशा वयाला पोहोचतात की, पुष्कळ जाणल्यानंतरही त्यांना काही ठाऊक राहत नाही. पन्नास वर्षे नमाज अदा करणारे आपल्या घरातील बुजुर्ग जेव्हा किती रकअती झाल्या हे विसरतात, तेव्हा या आयतीचा अर्थ काळजाला भिडतो.

वार्धक्य अल्लाहच्या हाती आहे; परंतु प्रत्येक विस्मृती निव्वळ वार्धक्याची नसते. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षे वाढीव दाब राहिला, तर त्या कठीण व अरुंद होतात आणि मेंदूचे लहान लहान भाग रक्ताअभावी निकामी होऊ लागतात. वेदना नसल्यामुळे रोग्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हानी चाळिशी-पन्नाशीत सुरू होते. विस्मृती सत्तरीत दिसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासात पन्नाशीपुढील ९,३६१ लोक होते. ज्यांचा वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे उपचार झाले, त्यांच्यात स्मरण व आकलनाची सौम्य घट कमी आढळली. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही.

इमाम गझाली (रह.) यांनी शरीअतच्या पाच उद्दिष्टांत बुद्धीचे रक्षणही सांगितले आहे. बुद्धी झाकोळणारे मद्य आपण हराम मानतो. मग बुद्धी हळूहळू पोखरणाऱ्या आजाराकडे दुर्लक्ष कसे करतो? “आमचा तवक्कुल अल्लाहवर आहे, गोळी कशाला?” असे काही जण म्हणतात. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू पाहणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले होते. गोळी घेणे हे उंट बांधणेच होय.

रमजानमध्ये गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या इफ्तार वा सहरीच्या वेळी घेता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे (२:१८४). दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चमच्याहून कमी ठेवा. दस्तरखानावरील लोणचे, पापड व सुकी मासळी यांतले मीठही त्यात मोजा.

आणि ज्यांच्या घरी ही विस्मृती येऊन ठेपली आहे, त्यांनी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारणाऱ्या मातापित्यांपुढे ‘उफ्’ही उच्चारू नये. आपल्या बालपणी त्यांनीही आपल्याला असेच वारंवार उत्तर दिले होते.

अल्लाह आपणा सर्वांना अखेरच्या श्वासापर्यंत त्याचे स्मरण करणारी बुद्धी प्रदान करो. आमीन.